‘दीक्षा’चा वर्गातला हिशेब

महोदय,

‘दीक्षा’ हे शैक्षणिक साहित्याचे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमधून आमच्या वर्गात पोहोचले. सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवताना मी सुरुवातीलाच व्हिडिओ लावला. मुले गप्प बसून बघत राहिली. शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, असा माझाही गोड गैरसमज होता! दुसऱ्या तुकडीत आधी भाकरीचे तुकडे केले, फळ्यावर दोन गणिते मुलांना चुकू दिली आणि मग तोच व्हिडिओ मध्येमध्ये थांबवत दाखवला. ‘पण छेद सारखे करायचेच कशाला?’ मागच्या बाकावरून आवाज आला. साहित्य तेच, फक्त दाखवण्याची वेळ बदलली होती.

आमच्याकडून भरून घेतल्या जाणाऱ्या तक्त्यात मात्र किती कोड स्कॅन झाले, किती मिनिटे पाहिले, एवढेच रकाने. वीज गेल्यावर माझ्या मोबाइलभोवती कोंडाळे करून अख्ख्या वर्गाने पाहिलेला धडा तिथे ‘एक’ ठरतो. व्हिडिओ कुठे थांबवला आणि मुलांनी काय विचारले, यासाठी एक कोरा रकाना ठेवा; आम्ही भरू.

– एक गणित शिक्षिका, जि. सातारा