आईला वास येत नाही

आचरा, ता. मालवण
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि.

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलट फोन केला नाही. चतुर्थीपासून गप्प आहे, त्याची खंत मनात आहे. पण हे फोनवर सांगता येईना, कारण फोन घरातूनच करायचा आणि आई पडवीत बसलेली. तब्येती ठीक. माझा गुडघा होता तसाच, आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही काढला.

आईला वास येत नाही, बाळ्या.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, वय झालं. तू तसं म्हणणार नाहीस. गडग्यापलीकडून बांगडे आजचे की कालचे ते सांगणारी बाई ती. दहावीच्या वर्षी आमच्याकडे राहायला होतास तेव्हा बाजारातून मासे घेऊन ऐटीत आलास आणि पिशवी सोडायच्या आधीच ती आतून ओरडली, "परत दी त्येका, कालचे आसत!" तू धावत परत गेला होतास, आठवतं?

झालं असं. ही सकाळी शाळेत जाते, मी नऊला सोसायटीत. आई दिवसभर एकटी. गेल्या महिन्यात मी दुपारी लवकर आलो, तर पायरीवरच गॅसचा भपकारा. आत गेलो. दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, शेगडीचं बटण चालूच, आणि आई ओट्याखाली पाटावर बसून शांतपणे नारळ खवतेय. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, आणि ती खालीच बसलेली. मी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. रेग्युलेटर बंद केला, पुढचं मागचं दार उघडलं आणि तिला दंडाला धरून अंगणात आणलं. ती मलाच विचारते, "काय झाला रे?"

संध्याकाळी तुळशीपाशी बसून तिने कबूल केलं. दोन वर्षं झाली. तिरफळ हातात चुरलं तरी काही कळत नाही. इतके दिवस नुसत्या अंदाजावर रांधत होती आणि आम्ही बोटं चाटत जेवत होतो. मला एकदाही कळलं नाही, हे मला फार लागलंय.

तेव्हापासून डोक्यात एकच, ती एकटी असताना घरात ज्योत नको. म्हणजे विजेवरची इंडक्शन शेगडी. वाटलं होतं, कणकवलीला जायचं, दुकानातून खोकं उचलायचं, यायचं. तसं नाही रे. पहिली अडचण घरातल्या भांड्यांचीच.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज फिरते आणि तिच्या चुंबकक्षेत्राने भांड्याचं बूडच तापतं. शेगडी स्वतः तापत नाही, काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून भांडं असं हवं, ज्याला लोहचुंबक चिकटतो. आईच्या शिवणाच्या डब्यातला सुया गोळा करायचा चुंबक घेतला आणि फळीवरचं एकेक भांडं काढत बसलो. अॅल्युमिनियमचे चारही टोप, नाही. आप्पांनी आणलेलं पितळेचं पातेलं, नाही. आमटीची मातीची मडकी तर नाहीच. स्टीलच्या टोपाला चिकटेल असं धरून चाललो होतो, तर चुंबक कडेवरून घसरत खाली आला आणि टण्णकन ओट्यावर पडला. सगळं स्टील सारखं नसतं, ज्यात निकेल जास्त त्याला बहुधा चिकटत नाही. आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी तिची भांडी नापास करतोय. शेवटी एका लहान टोपाला चिकटला, पण घट्ट बसला तो बिडाच्या तव्याला. हाताने ओढून काढावा लागला, तेव्हा कुठे ती हसली.

हा तवा दुसरा, हे तुला सांगायला नकोच. पहिला तू फोडलास. तापलेल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतलंस आणि उभी चीर गेली. तीस वर्षं म्हणतोयस की तो आधीच तडकलेला होता. नव्हता! आणि आता तुझ्याविरुद्ध मला नवा पुरावा मिळालाय. बीड एका जागी एकदम तापलं किंवा निवलं की तडकतं, म्हणून इंडक्शनवरसुद्धा ते आधी मंद तापवायचं, एकदम पुऱ्या ताकदीवर कधीच नाही. आता तरी मान.

आईचं म्हणणं वेगळंच. "माका नको तां लायटीवरचां जेवाण. आणि गावपळणीक खय लावतलंस तां?" गावपळणीला तीन दिवस अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर चुली मांडणार, तेव्हा हे खोकं काय कामाचं, हे तिचं बरोबरच आहे. लाईटचंही बरोबर. २०२१ला तौक्ते वादळ झालं तेव्हा कितीतरी दिवस आम्ही न्हाणीच्या चुलीवरच रांधलं. इन्व्हर्टर दोन दिवे नि पंखा ओढतो, त्याच्यावर दोन हजार वॅटची शेगडी चालत नाही. त्याच वेळी तू "घर विका नि डोंबिवलीला या" म्हणालास आणि मी तुला फोनवर नको ते बोललो. ते शब्द मी मागे घेतो. घर मात्र विकणार नाही.

म्हणून गॅस काढलेला नाही. घराबाहेर पडताना मी रेग्युलेटर बंद करतो, आई एकटी असताना फक्त इंडक्शन.

वायरिंग आप्पांच्या वेळचं. दोन हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास, आणि आमच्या ओट्यावरचा सॉकेट ६ अँपियरचा. तिथे लावलं असतं तर प्लग तापून वितळायची भीती. वायरमनला बोलावून बोर्डावरून जाड वायरची वेगळी लाइन ओढली, १६ अँपियरचा सॉकेट बसवला, अर्थिंग नव्याने केलं. आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, तेव्हा अधूनमधून खड्ड्यात पाणी ओतायचं. हा खर्च दुकानदार सांगत नाही.

दुकानात मी तवा आणि चुंबकाला चिकटणारा एक लहान टोप पंच्यात गुंडाळून घेऊन गेलो. दुकानदार बघतच राहिला, पण करून दाखवा म्हटल्यावर त्याने दाखवलं. मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. एक, मंद आच. पुष्कळशी स्वस्त यंत्रं कमी आकड्यावर मंद होत नाहीत, ती पूर्ण पेटतात, थांबतात, पुन्हा पेटतात. टोपातलं पाणी खळखळ उकळे, मग गप्प, मग पुन्हा खळखळ. अशा आचेवर नारळाचा रस फुटणार. उकड्या तांदळाची पेजही तशी शिजत नाही, तिला एकसारखी धग लागते. तिसऱ्या यंत्रात बुडबुडे बारीक आणि सारखे येत राहिले. दुसरी गोष्ट बटणं. काचेवर बोट टेकवायची मला नको होती, कारण आईचे हात कायम ओले नाहीतर पिठाचे, आणि ओलं बोट ते यंत्र ओळखत नाही. मला दाबायचं बटण हवं होतं, तेही दाबल्यावर वाजणारं. लाल आकडे तिला नीट दिसत नाहीत, पण आवाज ती मोजते. तीनदा टिक म्हणजे पेजेची आच.

मातीच्या मडक्याखाली ठेवायला दुकानदाराने लोखंडी चकती दाखवली. घेतली नाही. आधी चकती तापणार, मग मडकं, मग आमटी, त्यात वीज फुकट जाते. मडक्यातली आमटी रविवारी, मी घरात असताना, गॅसवर.

वीज म्हणशील तर पुऱ्या ताकदीवर अर्धा तास म्हणजे एक युनिट. लिटरभर पाणी मी घड्याळ लावून बघितलं, साडेतीन मिनिटांत उकळलं. महिन्याला शंभर युनिटांवर गेलो की दर चढतो, तेवढं बघावं लागेल. खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक घालायचं नाही, पंखा खालून हवा ओढतो. काम झालं तरी पंखा थांबल्याशिवाय प्लग काढायचा नाही. शेजारच्या वहिनींच्या यंत्रात मुंग्यांनी घर केलं आणि ते बंदच पडलं, म्हणून आमचं रात्री फडक्यात गुंडाळून फळीवर.

पहिलं घावन फसलं. वेटोळं तव्यापेक्षा लहान, त्यामुळे मध्ये करपलं आणि कडा पांढऱ्या. मी हळहळलो. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आच उतरवली, तवा पाच मिनिटं तसाच तापू दिला, मग पाण्याचे दोन शिंतोडे मारले आणि कान पुढे केला. चर्र झालं तसं पीठ ओतलं. जाळी पडली, बाळ्या. वासाशिवाय, नुसत्या कानाने. फक्त मध्येच विचारते, "चालू हा मां?" ज्योत दिसत नाही ना.

तुझ्या सासऱ्यांना पेसमेकर बसवल्याचं ऐकलं. तुमच्याकडे इंडक्शन असेल तर त्यांनी दोन फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं. छोकरीची बारावी कशी चाललीय? तुझ्या बदलीचं काय झालं, ते सविस्तर लिही.

दिवाळीला येशील तेव्हा सपाट, जाड बुडाचा मोठा टोप आण, दोन किलो तांदळाचा. चुंबक लावून बघ, बाहेरून नाही, बुडाला. मी सांगितलंय असं आईला कळू देऊ नकोस. आणि वाटेत बाजारात उतरून बांगडे घेशील, तर कल्ले उघडून तूच नीट बघून घे.

तुझा,
दादू