नानांची खूण

कोथरूड, पुणे
रविवार, रात्र

प्रिय कुंदे,

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी ते मुद्दाम उचलले नाहीत. पाहुणे होते असं नंतर कळवलं, ते खोटं होतं. त्याच आठवड्यात दादा वाड्याच्या रिडेव्हलपमेंटचे कागद घेऊन आला होता. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं सांगावं लागलं असतं. मग आम्ही सहलीला गेलो, परत आलो, दिवाळी झाली, फराळाचे डबेही रिकामे झाले. आज झोप येईना म्हणून लिहायला बसले. तब्येती ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर नेहमीसारखीच.

सहल होती डॅन्यूब नदीतल्या बोटीची. आधी दोन दिवस बुडापेस्ट, मग बोटीनं प्रवाहाच्या उलट वर वर जायचं. ब्रातिस्लाव्हा, व्हिएन्ना, वाखाऊचं खोरं आणि शेवटी जर्मनीतलं पासाऊ. पुण्याहून तीसेक जण आणि बरोबर आपला मराठी मॅनेजर. एक आजोबा रोज सकाळी बोटीवरच्या ब्रेडला घरची शेंगदाण्याची चटणी लावून खायचे. चौथ्या दिवशी तिथल्या वेटरनं स्वतःहून बशी पुढे केली, तेव्हा अख्ख्या डायनिंग हॉलनं टाळ्या वाजवल्या. तू असतीस तर चटणीत लसूण कमी आहे म्हणून आजोबांना तोंडावर सांगितलं असतंस.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. बुडापेस्टमध्ये गाइड आम्हाला पेस्टच्या बाजूला पायी फिरवत होती. संसदेजवळ काठावर साठ जोड लोखंडी बूट मांडून ठेवलेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना तिथं आणून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. लहान मुलांचेही बूट आहेत गं त्यात. कुणी बोललं नाही, मी फोटोही काढला नाही. तिथून पुढे गावात एका चर्चच्या भिंतीवर उठावाचं चित्र दिसलं. होडीत उभा माणूस आणि त्याच्याकडे हात पसरलेली माणसं. गाइड म्हणाली, हा १८३८ च्या मार्चमधला पूर. नदीत बर्फ अडकून पाणी तुंबलं आणि शहरात शिरलं. वेशेलेनी नावाचा सरदार होडीतून लोकांना काढत होता, त्याचं हे चित्र. शहरात आणखीही पाट्या आहेत, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारं बोट कोरलेल्या. मी ह्यांचा दंड धरून उभी राहिले. ह्यांना वाटलं, चक्कर आली.

त्याच रात्री बोट निघाली. वाटेत गाबचीकोवो नावाचं धरण लागतं. बाजूला बोटींसाठी मोठा हौद असतो, बोट आत गेली की दारं बंद होतात, पाणी भरत जातं आणि बोट पंधरा मीटरहून जास्त वर चढते. हे पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेले, निघायच्या आधी महिनाभर त्याच हौदाच्या गोष्टी सांगत होते. आणि वेळ आली तेव्हा घोरत पडले होते! मला मात्र जाग आली. पडदा सारला तर खिडकीबाहेर हातभर अंतरावर भिंत. काळी, ओली, शेवाळलेली, मध्येच एक गंजकी कडी. आणि ती भिंत खाली खाली सरकत होती. आवाज काही नाही. आपण वर चाललोय हे कळायला वेळ लागला, कारण अंगाला तेवढंच कळलं की पाणी चढतंय. कुंदे, मी पलंगावर पाय वर घेऊन बसले. सत्तरीची बाई, पाय पोटाशी धरून. माडीच्या जिन्यावर तू आणि मी बसलो होतो तशी.

तुला पानशेतचा तो आवाज नसलेला पूर आठवतोय ना? लोक म्हणतात घोंघावत आला. नदीकाठी आला असेल. आपल्या बोळात तो दिंडी दरवाज्याखालून मुकाट आत आला, काकूंचा पाट तरंगवत. १२ जुलै १९६१. पाट जिन्याला येऊन टेकला, मग एक पायरी चढला, मग दुसरी. रात्री तुमच्या मागच्या खोल्यांच्या भिंती बसल्या, त्याचा आवाज मात्र झाला. काकू एकदाच म्हणाल्या, "मशीन गेलं माझं." शिवणाचं मशीन. बाकी काही बोलल्या नाहीत.

व्हिएन्नाचं घाईनं सांगते. शोनब्रुनच्या राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. आपण सहा जणी एका खोलीत ओळीनं झोपायचो ते आठवून मला हसू आवरेना. ह्यांनी मात्र राजवाडा सोडून नदीच दाखवली. शहराला पुराचा त्रास नको म्हणून त्यांनी डॅन्यूबशेजारी दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट केलं. १९७२ ते १९८८, सोळा वर्षं काम चाललं. पाण्याला जागा दिली, असं हे तीनदा म्हणाले. आपण मुठेच्या पात्रातून रस्ता काढला आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाला म्हणून बातम्या बघत बसतो. परवाच्या २०२४ च्या जुलैत एकतानगरीत रात्रीत पाणी शिरलं, तेव्हाही ह्यांचा जीव असाच तुटत होता.

दसरा तिथेच झाला. व्हिएन्नातल्या रिंग नावाच्या गोल रस्त्यावरच्या एका बागेत गिंको नावाचं झाड होतं, नुकतं पिवळं पडायला लागलेलं. पान थेट आपट्यासारखं, दोन पाळ्यांचं, आणि रंगही खराच सोन्याचा. सगळ्यांनी एकमेकांना तेच दिलं. एक पान या पत्रात घातलंय. वाखाऊला द्राक्षांची तोडणी चालली होती. दोन्ही काठांना डोंगरभर दगडी बांधांचे मळे, पाठीवर करंड्या घेतलेली माणसं. फार सुंदर, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

मग पासाऊ. तीन नद्यांचा संगम, आपल्या मुळा-मुठेहून एक जास्त. इल्झचं पाणी काळपट, इनचं हिरवट-करडं, आणि दोन्ही डॅन्यूबला मिळाल्यावरही काही अंतर रंग वेगळे दिसतात. बोट लागते ती नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोरच. तिच्या मनोऱ्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, प्रत्येकीपुढे साल. १५०१ ची आहे. १९५४ ची आहे. २०१३ ची आहे, त्या वर्षी पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. मान वर करून बघावं लागतं इतक्या उंच. खाली कॉफीची टेबलं मांडलेली, माणसं केक खातायत, आणि डोक्यावर त्यांच्या पाचशे वर्षांतलं सगळं बुडणं लिहून ठेवलेलं. कुणालाही ते पुसावंसं वाटलं नाही.

मी रडले. मॅनेजर पाणी घेऊन धावला. त्याला काय सांगणार? नारायण पेठेतल्या एका चौकटीच्या दगडावर तुझ्या नानांनी छिन्नीनं अशीच रेघ मारलीय हे? चिखल उपसून झाल्यावर, भिंतीवरचा ओलेपणा वाळायच्या आत, '१२।७।६१'. सातचं शेपूट लांब गेलंय, कारण मी त्यांच्या कोपराला लटकले होते. ते रागावले नाहीत. "असू दे, तुझीही सही झाली," म्हणाले.

आता खऱ्या सहीचं. आमच्या आण्णांच्या मागे वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर दादाचं आणि माझं, दोघांची नावं आहेत. बिल्डरला दोघांची संमती हवी. सात मजले, खाली पार्किंग. दादाचं म्हणणं चूक नाही. माडी एका बाजूला खचलीय, पावसाळ्यात वहिनी रात्रभर बादल्या हलवत असते, दोघंही थकलेत. मलाही एक फ्लॅट मिळणार आहे. दगडाचं विचारलं तर दादा म्हणाला, "शकू, फोटो काढून ठेव की." बिल्डरचा माणूस म्हणाला, चौकट मलब्यात जाईल, पण दरवाजा हवा तर फार्म हाउसवाले चांगली किंमत देतात.

आणि नकाशा बघितला, तिथे माझं बोट अडलं. तुमच्या खोल्यांच्या जागी लिहिलंय 'मोकळी जागा'. भाडेकरूंच्या यादीत तुमचं नावच नाही. कसं असेल? आण्णांनी त्या खोल्या पुन्हा बांधल्याच नाहीत. नानांना सांगितलं होतं, पावसाळा सरला की बांधू. तुम्ही सहकारनगरला गेलात तेव्हा नाना दिंडीपाशी थांबून म्हणाले होते, "बांधल्या की कळवा." मी तिथे उभी होते. सहा वर्षांची, पण ऐकलं होतं. त्या जागी पुढे आण्णांनी कागदाच्या गोदामासाठी पत्र्याची शेड भाड्यानं दिली.

सारसबागेत तू मला हेच बोलली होतीस, बीएच्या वर्षी. मी म्हणाले होते, "तुम्ही स्वतःच गेलात." चार महिने आपण बोललो नाही. मग तुझं लग्न ठरलं आणि तूच पत्रिका घेऊन आलीस, मी मात्र ते वाक्य कधी मागे घेतलं नाही. आज घेते. तुम्ही स्वतःहून गेला नाहीत. आम्ही बांधलं नाही. दहा-बारा हजार वीट लागली असती फार तर.

काल मी एकटीच वाड्यात गेले. दादाला सांगितलं, जुन्या बरण्या न्यायच्यात. बरोबर सुतळी आणि उंची सारखी आहे का ते बघायची ह्यांची पातळीनळी. खुणेला सुतळी धरली, वहिनीला जिन्याशी उभं केलं. पाचवी पायरी, कुंदे. मी साठ वर्षं चौथी चौथी म्हणून भांडले तुझ्याशी. वहिनीला काही कळेना, ती आपली सुतळी धरून उभी. खुणेवर तेलरंगाचे दोन हात बसलेत, पण नखानं खरवडलं तर सातचं शेपूट लागतं.

सही अडवून धरायची का, हे मला ठरवता येत नाहीय. दादाला त्रास द्यायचा नाही. पण करारात दोन गोष्टी लिहून घ्यायच्या असं मनात आहे. तो दगड नव्या इमारतीच्या दारात लागला पाहिजे, आणि त्याच उंचीला. आणि माझ्या वाट्यातलं काहीतरी तुझ्याकडे यायला हवं. कसं, किती, ते वकिलाला विचारीन. चिडू नकोस. तू चिडणार हे माहीत आहे. 'मला भीक नको' हे सांगायला तरी फोन कर.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशनची तारीख मिळाली का? नातीला सांगलीतच ॲडमिशन मिळाली हे कळलं, फार बरं झालं. २०१९ ला कृष्णेचं पाणी तुमच्या दारात आलं, तेव्हा तू हसत म्हणाली होतीस, पूर माझा पत्ता विसरत नाही. त्या वेळी तरी मी यायला हवं होतं.

बिल्डरचा माणूस पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला येणार आहे. त्याआधी एक दिवस ये. सकाळच्या गाडीनं निघ, स्वारगेटला मी रिक्षा घेऊन थांबते. वाड्यात जाऊ, मग सहकारनगरच्या घरावरून जाऊ. सुतळी तशीच खुंटीला अडकवून आलेय.

तुझी,
शकू