मेस्त्री, त्या अडीच सुताबद्दल

मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेवू काय?" म्हणता आणि खरोखरच ठेवता. समोर आलो तर रंधा हातात घेता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही. "नाव घातलासा तर दारं-खिडक्यांची गिऱ्हाइकं ऱ्हायली बाजूला, गिटारवाली पोरंच येऊन बसतील," असं तुम्ही बजावलंय. खानापूर तालुका एवढंच लिहितो. तालुका मोठा आहे, सापडणार नाही कुणाला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर आहे. सात वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोकाचं पेर गेलं. त्याआधी अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवत होतो. गणपतीचे दहा दिवस, मग लग्नसराई, मग गावोगावच्या यात्रा. जखम भरली, पण टोक असं हुळहुळं राहिलं की तारेवर ठेवताच डोळ्यांत पाणी. आणि बोटच आखूड झाल्यामुळे चौथ्या पडद्याची (फ्रेटची) ओढ पुरेना. मित्रांनी टोनी आयोमीचा दाखला दिला. ब्लॅक सॅबथचा हा गिटारवाला सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावून बसला होता. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. मीही नायलॉनचं टोपण लेथवर काढलं. घामानं सटकायचं. आयोमीला बेळगावचा मे महिना ठाऊक नव्हता.

दुकानांत गेलो तर प्रत्येकजण म्हणायचा, "सवयीनं हात बसेल." गिटार गळ्यात अडकवायची, चार सूर वाजवायचे, परत खुंटीला लावायची. शेवटी जायचंच सोडलो.

तुमच्याकडे आलो तेव्हा मोबाइलमध्ये लाल चकचकीत गिटारीचे फोटो घेऊन आलो होतो. तुम्ही ते बघितलेसुद्धा नाहीत. "कुठली पाहिजे ते मागनं बघू की वो. हात दावा आदी." बाकावर खाकी कागद पसरलात, माझा डावा पंजा त्यावर ठेवून सुतारी पेन्सिलीनं भोवती रेघ मारलीत. मग बोटं ताणून पुन्हा एक रेघ. सात वर्षांत त्या बोटाकडे बघून तोंड वाकडं न करता कुणी मापं घेतली असतील तर ती तुम्ही, आणि त्याआधी कंपनीचे डॉक्टर. त्यांना नुकसानभरपाईची टक्केवारी काढायची होती.

त्या कागदावरून निघालेला हिशेब मी अजून जपून ठेवलाय. फेंडर कंपनीच्या नेहमीच्या गिटारीत घोडीपासून (ब्रिजपासून) वरच्या टोकाच्या खाचपट्टीपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. तुम्ही म्हणालात, चोवीस इंच करू, 610. (फेंडरनंच 1962 साली जॅग्वार नावाची गिटार या लांबीत काढली होती, हे मला नंतर कळलं. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, विचारलो नाही.) मग प्लायवूडच्या तुकड्यावर तुमचा भागाकार सुरू झाला: उरलेल्या लांबीला 17.817 नं भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पडदा, पुन्हा उरलेल्याला भागायचं. पहिला पडदा 34.2 वर, बारावा बरोब्बर अर्ध्यावर, 305 ला. पहिल्या चार पडद्यांत मिळून वाचले जवळजवळ आठ मिलिमीटर. "अडीच सूत," तुम्ही म्हणालात. "तुमच्या बोटाला येवढंच कमी पडतंय." शिवाय त्याच सुराला तारेचा ताण जवळजवळ एक नवमांशानं उतरला. त्यामुळे टोक दुखणंही कमी झालं.

अडीच सूत! सात वर्षं मी अडीच सुतासाठी घरात बसलो होतो.

तुमचं सुरुवातीचं शिक्षण मिरजेला तंबोऱ्याच्या कामात झालंय, हे तुम्ही बोलता त्यावरूनच कळतं. गिटारीच्या गळ्याला तुम्ही दांडी म्हणता, ब्रिजला घोडी, फ्रेटला पडदा. आता मीही तेच म्हणतो आणि ऑर्केस्ट्रातली पोरं हसतात. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्याची बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली तर म्हणालात, "कागद मिळाला, आता चांगले भोपळे मिळूदेत." पण गिटारीचे पडदे ठोकताना तुमचा हात किती थांबायचा ते मी बघितलंय. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला, सूर हलला तर सरकवता येतो. गिटारीचा ठोकला की ठोकला.

लाकूड आमच्याच घरचं. जांबोटीकडचं आजोबांचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा फणसाची एक तुळई मागच्या पडवीत पडून होती. मला वाटलेलं, गिटारीला परदेशीच लाकूड लागतं. तुम्ही नखानं खरवडून आतला पिवळा रंग दाखवलात आणि म्हणालात, तंजावरची वीणा कशाची असते? फणसाचीच. करवतीला तीन जुने खिळे सापडले, एक पातं गेलं, त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत. दांडी सागवानाची, पडदे ठोकायची पट्टी मोडक्या शिसवी पलंगाची. सागवानाला तेल असतं म्हणून सरस लावायच्या आधी थिनरनं पुसून काढायचं, हे मी तुमच्याकडेच शिकलो. आणि मग तुम्ही सगळे तुकडे आढ्याला टांगून म्हणालात, "आता एक पाऊस जाऊदे."

खरं सांगतो, त्या दिवशी मी तुम्हाला बसमध्ये बसून शिव्या दिल्या. गणपतीत वाजवायचं मनात धरलेलं. आणि खानापूरचा पाऊस म्हणजे काय, जूनला लागला की दसऱ्यापर्यंत कपडे वाळत नाहीत. दसऱ्यानंतर आलो तर दांडीचा एक तुकडा पिळवटून गेलेला. तुम्ही तो काही न बोलता जळणात टाकलात आणि दुसरा काढलात. तो माझ्या गिटारीत बसवला असता तर काय झालं असतं, यावर तुम्ही बोलला नाहीत. मीही तोंड मिटून घेतलं.

दांडीच्या आत बसणारी सळई मात्र माझ्याकडून करून घेतलीत. दुहेरी सळई, एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. चावी फिरवली की दांडी पुढे नाहीतर मागे वाकणार. लेथवर वीस वर्षं काढलेला माणूस मी, दुपारच्या सुट्टीत करून आणली. तुम्ही बोटांत फिरवून बघितलीत आणि परत दिलीत. "ढिल्ली हाय." राग आला. पण ढिली होतीच.

पिकअपचं, म्हणजे तारेचा सूर विजेत उतरवणाऱ्या चुंबकी गुंडाळीचं काम तुम्ही मोटर रिवाइंडिंगवाल्या अण्णांकडे दिलंत. सहा शतांश मिलिमीटरची तांब्याची तार, एका पिकअपला साडेसात हजार वेढे, आणि पाच हजारावर ती दोनदा तुटली. दुसरं पिकअप उलट्या दिशेला गुंडाळायचं आणि त्याचं चुंबकही उलटं बसवायचं, म्हणजे दोन्ही चालू असताना विजेची भूणभूण एकमेकांत मरते, हे तुम्ही अण्णांना कानडीत समजावत होता आणि मला मराठीत. अण्णा मला हिंदीत विचारत होते की ही वस्तू वाजते कशी. सीमाप्रश्न काही तिथे निघाला नाही. तार तुटू नये एवढीच तिघांची मागणी होती.

आता तक्रार. पत्र आभाराचं असलं तरी एक सांगतोच: वायर खोचायची जागा तुम्ही खालच्या कडेला दिलीय, बसून वाजवताना ती मांडीला टोचते. मी तेव्हाच म्हणालो होतो. लाल रंगावरून मात्र मी हरलो, आणि बरं झालं हरलो. नुसतं लाखेचं पॉलिश मारलंत. फणस दर महिन्याला थोडा गडद होतोय. आईनं परवा हात फिरवून विचारलं, "ही आपल्या माजघरातली तुळई न्हवं?"

यंदा गणपतीत तीन रात्री वाजवलो. तिसऱ्या रात्री बोट सुजलं, पण तीन रात्री झाल्या.

पावसानं दांडी थोडी मागे वाकलीय, सहाव्या-सातव्या पडद्याला तार झणझणते. पाव फेरा द्यावा लागेल असं वाटतं, पण चावी गेल्या खेपेला तुमच्याच बाकावर विसरलोय, पॉलिशच्या डब्याशेजारी. रविवारी सकाळच्या बसनं येतो. साखर बंद आहे हे ठाऊक आहे, कुंदा आणत नाही.

तुमचा,
उद्यमबागेतला लेथवाला