तुझी पाठ कोण बघतं?

प्रिय मुक्ता,

काल रात्री तुझा मेसेज आला, "बाबा घाबरू नका, पण" आणि खाली तो फोटो. खांद्याच्या खाली पाठीवर लाल गोल कडं, मधे फिकट. मी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. आई म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही मुक्ताचा फोटो आहे. सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. तू नको म्हणाली होतीस, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. ती काही बोलली नाही, उठून देवाजवळ दिवा लावून आली आणि मग पोळ्या लाटायला घेतल्या.

स्कॉटलंडमधल्या तुझ्या डॉक्टरांनी चट्टा बघूनच गोचीड चावून होणारा लाइम आजार ओळखला आणि रक्ताच्या रिपोर्टसाठी न थांबता 21 दिवसांच्या गोळ्या दिल्या हे फार चांगलं झालं. मी रात्रभर वाचत बसलो होतो, असा चट्टा उठला की टेस्टची वाट बघत नाहीत आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या की बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. म्हणून या पत्रात गोचिडाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलोय. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, त्यापेक्षा टाइप केलेलं बरं.

इकडे आठ दिवस पाऊस झोडपतोय. वाशिष्ठी नदीकडे दिवसातून दोनदा नजर टाकून येतो, सवयच झालीय 2021 च्या पुरापासून. ताईआत्याचं गुडघ्याचं तसंच आहे.

मुक्ता, मला ते ग्लेन ॲफ्रिकचं खोरं काही केल्या डोळ्यासमोरून जात नाही. तुझ्याकडून परत येऊन दीड महिना झाला, लोक विचारतात काय काय बघितलं, मी एडिनबराचा किल्ला सांगतो कारण तो सांगायला सोपा आहे. पण खरं बघितलं ते त्या दिवशी. इनव्हर्नेसहून निघालो, नेस सरोवराच्या काठाने ड्रमनाड्रॉखिट, मग कॅनिख, आणि कॅनिखच्या पुढे माझ्या फोनची रेंज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. आई मागे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. तू मला शिकवत होतीस, बाबा सरोवराला लॉक नाही लॉख म्हणतात, ख घशातून काढा.

वाटेत तो फास्नाकाइलचा पॉवरहाऊस लागला तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. तू हसलीस, म्हणालीस आलेच बाबा पोफळीला. पण तू विचार कर ना, 31 वर्षं मी पोफळीच्या वीजघरात जे काम केलं तेच काम, डोंगरातलं पाणी बोगद्यातून आणायचं आणि टर्बाइनवर सोडायचं, ते इथे सात-आठ हजार किलोमीटरवर कोणीतरी करतंय. आपल्या कोयनेच्या 1960 मेगावॅटपुढे ते लहानच. पण तू सांगितलंस की धरण बांधून त्यांनी लॉख बेनेव्हियनचं पाणी वाढवलं आणि त्याच्या वरचा लॉख ॲफ्रिक मात्र होता तसा ठेवला, तिथला निसर्ग बिघडू नये म्हणून. मी तेव्हा काही बोललो नाही. मला आजीची विहीर आठवली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे ती. त्या काळात आपल्याकडे कोणी असं थांबून बघितलं असतं का, असं मनात आलं. मी त्याच धरणावर पोट भरलं, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही, पण आलं मनात.

मग डॉग फॉल्स. आणि कार पार्कमधे आपलं वाजलं. पँट मोज्यात खोच, एवढंच मी म्हटलं होतं. तू म्हणालीस बाबा मी 29 वर्षांची आहे, माझं कामच आहे हे. आईने मधे पडून पुरी काढली डब्यातून. मी पुढचा अर्धा तास मुद्दाम तुझ्या मागे चाललो, रागाने. आणि त्या रागातच मला ते जंगल दिसलं, पुढे असतो तर बोलत राहिलो असतो.

त्या स्कॉट्स पाइनचा वरचा बुंधा, काव लावलेल्या तुळशीवृंदावनासारखा तांबूस. खालची साल मगरीच्या पाठीसारखी. आपल्या मनात पाइन म्हणजे शिमल्याचे एकसारखे सरळ सुळके, पण ही झाडं प्रत्येक वेगळी, कुणी वाकडं, कुणी पसरलेलं, कुणी मरून गेलेलं आणि तरी उभं. मेलेलं झाडही पाडत नाहीत, त्याच्यात पक्षी घरटी करतात, किडे राहतात. पायाखाली शेवाळाची गादी, पाय टाकला की खाली जातो आणि परत वर येतो. त्या लाल मुंग्यांचं वारूळ, मातीचं नाहीच, सगळं पाइनच्या सुयांचं, माझ्या गुडघ्याच्या वर आलेलं. आणि कोकीळ नाही, कुक्कू, घड्याळातला आवाज खरोखर झाडावरून येत होता. बर्चच्या फांद्यांना करड्या दाढ्या लोंबत होत्या. आईने हात लावला आणि म्हणाली, अगं हे तर दगडफूल. तू म्हणालीस हो आई, त्याच घराण्यातलं आहे, हवा स्वच्छ असेल तरच एवढं वाढतं. तिने पिशवी काढली होती गोड्या मसाल्यासाठी, तू किती समजावून तिला नको म्हणालीस. मला तेव्हा आपल्या वाडीची देवराई आठवली. तू आठ वर्षांची असताना रवीने तिथली काठी उचलली आणि तू रडून रडून ती परत ठेवायला लावलीस. पुजाऱ्यांनी सांगितलं होतं इथलं पान न्यायचं नाही, आणि तू ते सगळ्यांपेक्षा जास्त मनावर घेतलंस. आता त्याचाच पगार घेतेस.

ते कुंपण दाखवलंस ती गोष्ट मी इथे कितीतरी जणांना सांगितली. कुंपणाच्या आत कमरेएवढी पाइनची रोपं, रोवन, बर्च, दाटी झालेली. बाहेर नुसती म्हातारी झाडं, दोनशे-तीनशे वर्षांची, आणि मधे काही नाही, गवत आणि हेदरची झुडपं. लांडगे गेले, लिंक्स नावाची मोठी रानमांजरं तर त्याच्याही आधी गेली, हरणांना खाणारं कुणी उरलं नाही आणि कोवळं उगवलं की हरीण खाऊन टाकतं. जुन्या पाइनच्या जंगलाचे असे फक्त 84 तुकडे तिथल्या यादीत आहेत अख्ख्या स्कॉटलंडमधे. तू म्हणालीस, बाबा हे सगळे आजोबा आहेत, यांच्या मागे कोणी नाही. सहज म्हणालीस तू. मला आपली वाडी दिसली. सतरा घरं, अकरा बंद, उरलेल्यात माणसं सगळी साठीच्या पुढची. गणपतीला दहा दिवस गजबज आणि मग कुलपं.

हे मी तुला परत बोलवायला लिहीत नाहीये. खरंच नाही. लग्नाचंही काढत नाहीये.

पण एक विचारतो. तुझी पाठ कोण बघतं?

बघ, मी ठरवलं होतं नाही लिहायचं. पण त्या संध्याकाळी काय झालं आठव. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड, आणि तू मला खुर्चीत बसवून टॉर्च घेऊन माझे पाय तपासलेस. गुडघ्याच्या मागे सापडला एक, तिळाएवढा. मला तर कळलाही नव्हता. मी म्हटलं रॉकेल लाव, आम्ही कपिला गाईच्या कानात गोचीड झाले की तेच करायचो, नाहीतर तंबाखूचं पाणी. तू ओरडलीस, अजिबात नाही, असं काही लावलं की तो आतली घाण उलट आपल्या अंगात सोडतो. मग ते हिरवं प्लॅस्टिकचं हुक घेतलंस, कातडीला टेकवून हळूच फिरवलंस, अख्खा निघाला. जमिनीवर गुडघे टेकून बसली होतीस. लहानपणी तुझ्या पायातला काटा मी असाच काढायचो, दिव्याजवळ बसवून. मी तुला सांगितलं नाही, पण तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

माझे पाय तू तपासलेस. आईची मानही तपासलीस, केसांच्या आतपर्यंत. आणि तुला चावला तो नेमका जिथे तुझा हात पोचत नाही, डोळा पोचत नाही. तो किती वेळ तिथे होता कोणाला माहीत. लवकर काढला तर धोका कमी असतो हे तूच मला सांगितलंस ना? मग असं जंगलात रोज जाणाऱ्या माणसाने रोज रात्री, दमलेलं असो नसो, आंघोळीला जायच्या आधी, पूर्ण अंग, काखा, गुडघ्यामागे, कमरेचा पट्टा, केसांच्या कडेला, आणि फिकट रंगाचे कपडे घालायचे म्हणजे चटकन दिसतो, आणि नेचाच्या झुडपातून चालायचंच नाही, आणि एकटीने तर

माफ कर. तुझंच तुला शिकवतोय.

मला भीती का वाटते ते तरी सांगतो. 2016 ला दोडामार्गला माकडताप आला तेव्हा तू पुण्यात होतीस, तुला नीट माहीत नाही. तोही गोचिडामुळेच. काजूच्या बागेत काम करणारी धडधाकट माणसं. आईच्या मावसभावाला आपण बांद्याहून गोव्याला नेलं, तेव्हा त्याच्या बायकोने मला एकच सांगितलं, भावोजी अंगावर काहीच दिसलं नव्हतं हो. तुझा आजार वेगळा आहे, हा जंतू गोळीने मरतो, तो व्हायरस होता, मला फरक कळतो. पण रात्री दोन वाजता कळत नाही.

आणि एकटेपणाचं बोलतो म्हणून तुला राग येतो, तर 22 जुलै 2021 आठव. इकडे पाणी पहिल्या मजल्यापर्यंत, लाइट नाही, फोन बंद. दोन दिवस तुला आमचं काही कळलं नाही. तू तिथून कुणाकुणाला फोन केलेस, शेवटी खेर्डीच्या त्या मेडिकलवाल्याला शोधून काढलंस आणि तो माणूस चिखलातून चालत आला, म्हणाला तुमची मुलगी रडतेय, गच्चीवर या, मला फोटो काढून पाठवायचाय. तो फोटो तू अजून ठेवलायस. कॅनिखच्या पुढे तुझा फोन गेला की मी तसाच बसलेला असतो. मेसेजवर एकच टिक, दुसरी येत नाही.

अभिमान नाही असं समजू नकोस. त्या दिवशी फाटकापाशी ते म्हातारं जोडपं थांबलं होतं, त्यांनी तुला काहीतरी विचारलं आणि तू पंधरा मिनिटं त्यांना त्यांच्याच जंगलाबद्दल सांगत होतीस, तो माणूस मान डोलावत होता. तिकडे 2003 च्या कायद्याने कुणालाही जवळजवळ कुठेही फिरता येतं, नीट वागलं की झालं, फाटक लावून घेतलं की झालं, हे तू किती आनंदाने सांगत होतीस, जणू तो कायदा तूच केलायस. आई कुजबुजली, हिला आता हेच आपलं वाटतं. मी म्हटलं वाटू दे.

गोळ्यांचं: दुधाबरोबर घेऊ नकोस, भरपूर पाण्याबरोबर घे आणि घेतल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. ऊन टाळ, त्या गोळीने कातडी भाजते म्हणे. मधेच बरं वाटलं म्हणून सोडू नकोस, 21 म्हणजे 21. तुला मैत्रीण आहे ना ती शेजारी राहणारी, जिने आईला स्वेटर दिला, तिला सांग ना पाठ बघायला. लाज वाटायचं काय त्यात.

आजच पार्सल केलंय. मेतकूट, गोडा मसाला, आणि आजीचा तो पितळी मुठीचा आरसा जुन्या साडीत गुंडाळून. तुझ्या बाथरूमच्या आरशाला पाठ करून हा हातात धरलास की पाठ पूर्ण दिसते. मी इथे करून बघितलं. आई म्हणाली तुम्हाला वेड लागलंय, पण आरसा तिनेच गुंडाळला.

चट्टा कमी झाला की फोटो पाठव. वाढला तरी पाठव.

तुझा,
बाबा