मॅडम, ते झेरॉक्स अजून आहेत माझ्याकडे

मॅडम, समोर उभं राहून बोलायला जमलं नसतं म्हणून इथे लिहितोय. परवा टीवायबीकॉमचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागला. पास झालो, केटी एकही नाही, सगळे विषय सुटले.

एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना पप्पा गेले आणि मी भिवंडीला गोडाऊनमध्ये रात्रपाळी धरली. सकाळी ७ चं लेक्चर, दिव्याहून दादर, त्यात दिव्याला लोकलमध्ये चढणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच माहीत, मग व्हायचं तेच झालं, ७५ टक्के अटेंडन्स कुठला भरतोय, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं. ऑफिसने आईला बोलावलं. चार घरची कामं बुडवून ती आली, दोन तास बाकड्यावर बसली आणि मग काय, तर अंडरटेकिंगवर सही करा. पोरगा का येत नाही हे एकानेही विचारलं नाही. वर एक सर म्हणाले, झेपत नसेल तर सोड, नवीन शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडता येतं, सर्टिफिकेट पण मिळतं. अहो सर, २०२० च्या त्याच धोरणात परत यायची पण सोय आहे, तेवढंच बरं सांगायचं राहिलं!

त्या दिवशी एलसीचा, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज खिशात घेऊनच आलेलो. ऑफिस उघडायला वेळ होता म्हणून तुमच्या लेक्चरला बसलो, तीन आठवड्यांनी. हजेरीत माझा रोल नंबर ४७ आला, मी येस मॅडम म्हटलं, तुम्ही मान वर केलीत. वाटलं आता सगळ्यांसमोर निघणार माझी. तुम्ही पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढलात, अकाउंट्समधल्या पीसमील डिस्ट्रिब्यूशनची सगळी गणितं, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने ४७. "तुझे राहिलेत," एवढंच म्हणालात आणि पुढे ४८.

म्हणजे मी येईन की नाही याचा पत्ता नसताना तीन आठवडे तुम्ही दरवेळी माझी एक कॉपी बाजूला काढत होता? मला तर घरी पण कोणी तेव्हा विचारत नव्हतं. आईचं तरी काय चुकलं म्हणा, ती स्वतःच कोलमडलेली. साधी माणुसकी हो ही, हिला ना सर्क्युलर लागतं ना कमिटी, तरी किती कमी भेटते.

अर्ज फाडला दादरच्या ब्रिजवर.

काल पेढे घेऊन आलेलो, तुम्ही लेक्चरला होता. स्टाफरूममध्ये तुमच्या टेबलावर ठेवलेत. नाव नाही टाकलं, बॉक्सच्या कोपऱ्यात बघा, पेन्सिलने लिहिलंय.