मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव ओट्यावर का करावा लागतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी न्यूरोसर्जरीत, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेत, एमसीएच ही एमबीबीएसनंतरची वरची पदवी करते आहे. सुटी मिळालेल्या रविवारी ती कर्वेनगरच्या चिकनवाल्याकडून कोंबडीचे चार-सहा पंख घेऊन घरी येते. ओट्यावर सेकंडहँड मायक्रोस्कोप मांडते आणि पंखातली जेमतेम एक मिलिमीटरची रक्तवाहिनी मोकळी करून, कापून, पुन्हा जोडत बसते. आठ-दहा टाके. मग सिरिंजने शाईचे पाणी सोडायचे. जोडावर निळा थेंब दिसला की सगळे पहिल्यापासून. परवा तिचा दोरा मी माझ्या मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिला. तीन शतांश मिलिमीटरसुद्धा भरला नाही. आपला केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो.

मी औंधच्या आयटीआयचा फिटर. भोसरीत टूलरूममध्ये ३१ वर्षे काढली. सुरुवातीचे कित्येक महिने आम्हाला नुसती कानस चालवायला लावत. तुकडा गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराला, लावून उजेडात धरायचा, बारीकशी फट दिसली तरी मास्तर परत पाठवायचे. तोवर खऱ्या जॉबला हात लावू देत नसत. लोखंडासाठी एवढी काळजी घेतली जायची. मेंदूवर हात चालवायला शिकणाऱ्या मुलांना मात्र सरावाची जागा स्वतःच शोधावी लागते, हे मला पटत नाही. वरिष्ठ डॉक्टर शेजारी उभे असतात, शिकवतातही; पण हात बसायला लागतात ते तास ऑपरेशन थिएटरमध्ये मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

झुरिचचे गाझी यासारगिल १९६५ मध्ये, सर्जन म्हणून तयार असताना, अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात डॉ. डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि वर्षभर प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडत राहिले. परतल्यावर १९६७ मध्ये त्यांनी डोक्याच्या कातडीतली रक्तवाहिनी मेंदूतल्या रक्तवाहिनीला जोडली. फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रोटन यांनी मृतदेहांच्या रोहिण्यांत लाल आणि नीलांत निळे सिलिकॉन भरून कितीतरी सर्जनांना मेंदूची वाट दाखवली. दिल्लीच्या एम्समध्येही न्यूरोसर्जरीच्या सरावाची सोय आहे.

पुण्यात प्रत्येक कॉलेजने वेगळी प्रयोगशाळा थाटावी असे माझे म्हणणे नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शहरात एकच सामाईक उभारावी, सरकारी-खासगी सगळ्या कॉलेजांच्या निवासी डॉक्टरांसाठी. पाच-सहा चांगले मायक्रोस्कोप, कवटीचे हाड कोरायची ड्रिल, आणि शिकवायला नेमलेला माणूस. ती रात्री उघडी असली पाहिजे, हे विशेष करून लिहितो. ही मुले दिवसा मोकळी नसतातच. संशोधनही तिथेच होईल. नवे हत्यार, नवी पद्धत रुग्णावर येण्याआधी तिथे तपासता येईल.

मृतदेहांचा प्रश्न राहतो. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनने मेंदू घट्ट होतो, त्यामुळे अशा सरावासाठी देह वेगळ्या रीतीने जतन करावे लागतात. त्याची तयारी शरीररचनाशास्त्र विभागांनी मिळून करावी. मी आणि माझ्या पत्नीने देहदानाचा फॉर्म आणून ठेवला आहे, भरायचा आहे. न्यूरोसर्जरीच्या सरावासाठी देह वापरण्यास संमती, असा एक रकाना त्यात छापावा. आम्ही दोघे तिथे सही करू.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
कर्वेनगर, पुणे