पुढची सीट

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या गेटसमोर निंबाखाली गाडी लावून हे लिहितोय. तुमची सुटी व्हायला अजून पाऊण तास आहे. कागद भाड्याच्या वहीतला आहे, पाठीमागे नोव्हेंबरचा हिशेब दिसेल, तो पाहू नको. घरी बोललो असतो, पण आई आणि भाऊ समोर असले की तू गप्प होतेस, आणि मला तोंडी सांगताना शब्द सापडत नाहीत.

सोमवारी देवपूरच्या स्टॉपवर ती नवीन मुलगी चढली. तिने विचारलं, "हे कोण?" आणि तू म्हणालीस, "व्हॅनवाले काका." मग शाळा आल्यावर अकराही पोरं "थँक्यू काका" म्हणत उतरली. त्यात तुझाही आवाज होता. मी आरशात पाहिलं, तू खाली मान घालून दप्तराचा पट्टा लावत होतीस. रात्री तव्यावरची गरम भाकरी तूच माझ्या ताटात वाढलीस आणि माझ्याकडे न बघता आत गेलीस.

मी रागावलेलो नाही. पहिलीपासून तू पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसायचीस, "बठ व माय" म्हटलं की टुणकन चढायचीस. या वर्षी मागच्या बाकावर गेलीस, तेव्हाच मला कळलं होतं. ज्या घरांत दोन-दोन चारचाकी उभ्या असतात, त्या घरच्या मुलींमध्ये दिवसभर बसायचं आणि त्यांना ने-आण करणारा आपला बाप, हे तेराव्या वर्षी सोपं नाही. गाडीत काका म्हणायचं असेल तर म्हण. त्याने मी तुझा बाप व्हायचा थांबत नाही.

पण दुसरी एक गोष्ट मला लागली. तोरणमाळच्या सहलीचा कागद तू आम्हाला दाखवलाच नाहीस. वर्गात सांगितलंस की तुला गाडीत उलट्या होतात. मॅडमनी मला गेटवर विचारलं, "काका, तिला औषध देऊन पाठवा ना." ताई, तू साडेसात वर्षं माझ्या गाडीत बसते आहेस. पावसाळ्यात खड्ड्यांतून गेलो, मेच्या उन्हात साक्री रोडला टायर फुटून तासभर थांबलो. तुला एकदाही उलटी झाली नाही. चौदाशे रुपयांसाठी तू हे बोललीस, आणि ते पैसे आपल्याकडे आहेत की नाहीत हे आम्हाला विचारलंसुद्धा नाहीस. विचार. नसतील तर मी नाही म्हणेन. नाही म्हणायचं काम माझं आणि आईचं आहे, तुझं नाही.

अजून एक. मागे कुणीतरी तुला "आरटीईवाली" म्हणालं, हे भावाने मला सांगितलं. मला तुझ्याएवढं शिक्षण नाही, पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा हा कायदा मी नीट समजून घेतला आहे, कारण त्याच्यावर माझी दोन लेकरं शिकतात. 2009 साली संसदेने तो केला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. त्यांची फी शासन शाळेला देतं. उशिरा देतं, ते खरं, पण तो शासनाचा आणि शाळेचा हिशेब आहे. तुझं नाव सोडतीत निघालं. कुणी दया केलेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलला होता, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली की खासगी शाळेला त्या जागांतून सूट. भावाचं पहिलीचं वर्ष होतं, आई चार दिवस नीट जेवली नव्हती. मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्दच केला. त्या दिवशी आईने गोडाचा शिरा केला होता, आठवतं?

फुकट शिक्षण आठवीपर्यंतच आहे, हेही तुला माहीत आहे. नववीची फी आपल्याला भरावी लागेल. एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते, पास होऊन यादीत नाव लागलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मी चौकशी केली. ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, तुझ्या शाळेतून बसता येत नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण तुला चांगल्या शाळेत घातलं आणि ते एक दार लागलं. नववीला इथेच राहायचं की अनुदानित शाळेत जायचं, ते आपण तिघं मार्चमध्ये बसून ठरवू. तू एकटीने मनात ठरवून ठेवू नको. कुठे बरं वाटेल हे पैशाकडे न बघता आधी मला सांग, पैशाचं नंतर पाहू.

सहलीचे चौदाशे या पाकिटात आहेत. त्यातले सहाशे आईच्या फॉल-पिकोचे आहेत, तिने स्वतः काढून दिले. जायचं नसेल तर परत दे, पण उलटीचं कारण सांगू नको.

पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन, ज्यात तुझा गणवेश अडकायचा, ते आईने काल जाड दोऱ्याने शिवून दिलं आहे. तू मागे बसलीस तरी चालेल.

तुझा,
पप्पा